गाडीचा आवाज नेमका केव्हा येतो?



आमच्या बचत गटाची एक जुनी चारचाकी आहे. बाभुळगावहून यवतमाळच्या बाजारात डाळ, पापड, मसाले तीच नेते. मागच्या हंगामात तिच्यातून घरघर येऊ लागली. मिस्त्रीने विचारलं, "आवाज केव्हा येतो?" आम्ही म्हणालो, "येतो अधूनमधून." गिअरबॉक्स खोलला, पैसे गेले, आवाज तसाच! दोष निघाला क्लचच्या बेअरिंगमध्ये. पुन्हा खोलणं आलं. त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता आम्हाला बचतीतून भरावा लागला.

2017 साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आली, ती बचत गटाच्या सदस्यांनी प्रवासी गाड्या चालवाव्यात म्हणूनच. गाडी आपली, तर तिचं दुखणंही आपल्याला सांगता आलं पाहिजे.

क्लच म्हणजे काय? दोन्ही तळहात घट्ट जुळवून एक फिरवा, दुसराही ओढला जातो. सैल सोडले की एकटाच फिरतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचप्लेट हेच काम करते. पायाने क्लच दाबला की पकड सुटते.

आता तपासणी. गाडी सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, इंजिन सुरू करा. क्लच हळूहळू दाबा. दाबल्यावर आवाज येतो आणि सोडल्यावर थांबतो, तर बहुधा रिलीज बेअरिंग झिजलं आहे. उलट, पाय काढल्यावर आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर घ्यावा. आमची चूक इथेच झाली. एवढं एक वाक्य आम्हाला सांगता आलं नाही.

गिअर अडतो, रिव्हर्स टाकताना करकर होते, तर क्लच पूर्ण सुटत नसेल. आधी केबल किंवा क्लचचं ऑइल तपासायला सांगा. कधी कधी तेवढ्यावरच भागतं.

भरलेली गाडी चढावर नेताना इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, जळका वास येतो, तर प्लेट घसरते आहे. खात्री करायची तर मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढा, पुढे-मागे कोणी नको. तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. चालूच राहिलं, तर प्लेट गेली समजा. हे एकदाच करा, वारंवार केल्याने प्लेट आणखी जळते. मग भार घेऊन निघू नका.

खरं सांगायचं तर थोडा दोष आमचाही होता. गाडी चालवणाऱ्या आम्ही तिघीही पाय क्लचवरच टेकवून ठेवायचो. चढावर ब्रेक न धरता अर्ध्या क्लचवर गाडी थोपवायचो. वर क्षमतेपेक्षा जास्त पोती. बेअरिंग आणि प्लेट यांनीच झिजतात. आता पाय बाजूला ठेवतो.

आणखी एक. गिअरबॉक्स उतरवलाच, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदम पाहून घ्या. मजुरी दुसऱ्यांदा पडत नाही. जुने भाग मागून घ्या आणि तारीख, किलोमीटर, खर्च गटाच्या वहीत लिहा.

पुढच्या वेळी मिस्त्रीने विचारलं, तर "अधूनमधून" म्हणू नका. पाय दाबल्यावर की सोडल्यावर, तेवढं नक्की सांगा.