दूरच्या ट्रान्समीटरची खुशाली



आपण सकाळी रेडिओ लावता आणि बातम्या ऐकता. बोलणारा शहरात, स्टुडिओत बसलेला असतो. पण त्याचा आवाज आपल्या घरी पोचविणारे यंत्र, म्हणजे ट्रान्समीटर, पुष्कळदा दूर एखाद्या डोंगरमाथ्यावर असते. पूर्वी तेथे रात्रंदिवस माणूस बसून काटे पाहत असे. आता लहान ठिकाणी बहुधा दाराला कुलूप असते. मग वर काही बिघडले, तर खाली कळते कसे?

ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्याला पॉवर अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. दुबळ्या रेडिओलहरीला बळ देऊन तो ती अँटेनाकडे धाडतो. अँटेना ठीक असेल, तर जवळजवळ सगळी शक्ती बाहेर पडते. पण जोडात पाणी शिरले किंवा केबल तुटली, की तीतली काही माघारी फिरते. शिक्षकांनी हे वर्गात जरूर दाखवावे. दोरीचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि दुसरे झटकन हलवा. लाट गजापर्यंत जाते आणि परत येते. तसेच हे! म्हणून पुढे जाणारी आणि माघारी येणारी, अशा दोन्ही शक्ती मोजतात. 10,000 वॉट जात असता 400 वॉट परत आले, तर शंभरात चार झाले. हा आकडा चढू लागला, की अँटेनाकडे काहीतरी बिनसले आहे असे समजावे.

आता दुसरी गंमत बघा. समजा, 1,000 वॉटची दहा मॉड्यूल जोडून 10,000 वॉट मिळविले आहेत. एक मॉड्यूल बंद पडले. किती उरतील? आपण म्हणाल, 9,000. पण जोडणीचा तोल बिघडल्याने त्यांतले सुमारे 900 वॉट तोल सांभाळणाऱ्या रोधकातच उष्णता होऊन जातात, आणि अँटेनाला मिळतात 8,100. एवढा फरक ऐकणाऱ्याच्या कानाला बहुधा कळतही नाही. कान सांगत नाही ते आकडा सांगतो. म्हणून शक्तीबरोबर प्रत्येक मॉड्यूलचा वीजप्रवाह, तपमान आणि पंख्याची गतीही पाहावी लागते. गाळणीत धूळ साचली, तर तपमान हळूहळू, दिवसादिवसाने चढत जाते.

धोका मोठा असेल, तर यंत्र खालच्या हुकमाची वाट पाहत नाही. ते क्षणार्धात आपली शक्ती उतरविते किंवा बंद होते, आणि मग बातमी देते. बातमी कळण्याच्या रीती दोन. एक, बिघाड होताच यंत्राने आपण होऊन सांगणे. दुसरी, खालच्या संगणकाने ठराविक वेळाने त्याला विचारणे. 1988 साली नियमबद्ध झालेल्या ‘सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल’ या पद्धतीत या दोन्ही रीती आहेत.

दोन्ही कशाला हव्यात? कारण ज्या तारेवरून बातमी यायची, तीच तुटली तर यंत्र ओरडणार कसे? परगावी गेलेल्या मुलाचे पत्र आले नाही, म्हणजे तो सुखरूप आहे असे कोणती आई मानते? तसेच येथे. विचारल्यावर उत्तर आले नाही, तर तोच बिघाड समजावा.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकणच्या किनाऱ्यावर आले. विजेचे खांब कोसळले, मोबाइलही ठिकठिकाणी मुके झाले. अशा वेळी बॅटरीवरचा रेडिओ हाच आधार. पण तो बोलायचा, तर डोंगरावरचे यंत्र चालू हवे, आणि ते थांबले तर लगेच कळायला हवे. म्हणून देखरेखीच्या साधनाला स्वतःची बॅटरी आणि बातमीला दुसरी एखादी वाट ठेवावी.

आणखी एक सांगतो. खालून बटण दाबून यंत्र पुन्हा सुरू करता येते खरे, पण कारण न शोधता ते पुनःपुन्हा दाबू नये. अँटेनाच मोडली असेल, तर प्रत्येक वेळी अ‍ॅम्प्लिफायरला नवा मार बसतो. भिजलेला जोड संगणक पुसत नाही, बरं का! त्यासाठी माणसालाच डोंगर चढावा लागतो. मात्र काय बिघडले याचा अंदाज असला, तर तो योग्य सामान घेऊन चढतो आणि हेलपाटा वाचतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेत पर्जन्यमापक असेल, तर मुलांकडून रोज नोंद करवून घ्या. एका दिवसाचा आकडा थोडे सांगतो, महिन्याची वही पुष्कळ सांगते. डोंगरावरच्या यंत्राचेही तसेच आहे.