दोन पानगळी

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठी वाचकाच्या मनात पानगळीचे चित्र दोन वाटांनी आलेले आहे. एक वाट ग्रंथांची. इंग्रजी काव्याच्या परिचयातून लाल-पिवळ्या पानांचा एक ऋतू मराठीत आला आणि अनुवादकांनी त्याला बहुधा 'शरद' हे नाव दिले. वस्तुतः आश्विन-कार्तिकातला इथला शरद हा स्वच्छ चांदण्याचा, भरल्या तळ्यांचा आणि कोजागरीचा ऋतू आहे. त्या वेळी रानात पाने गळत नाहीत. उलट ती पावसाचे पाणी पिऊन तृप्त झालेली असतात. दुसरी वाट रानाची. त्या वाटेने आलेली पानगळ हेमंताच्या अखेरीस सुरू होते, शिशिरात भरात येते आणि चैत्रपालवीपाशी संपते. मर्ढेकरांनी १९३९ साली आपल्या पहिल्या काव्यसंग्रहास 'शिशिरागम' हे नाव दिले, तेव्हा त्यांनी ही दुसरी वाट अचूक धरली होती. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले आणि बारा महिन्यांच्या निसर्गाकडे परक्या चष्म्याविना कसे पाहावे, याचा वस्तुपाठच मराठी गद्याला लाभला.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हीच शिशिरातली पानगळ आहे. आणि ती पाहण्यासाठी निवडलेले ठिकाण बेल्लमपल्ली हे आहे. बल्लारशाहून काझीपेठकडे जाणारी गाडी महाराष्ट्राची हद्द ओलांडून सिरपूर, कागजनगर, आसिफाबाद रोड ही स्थानके मागे टाकते आणि थोड्याच वेळात या कोळशाच्या गावी पोहोचते. हा लोहमार्ग १९२९ साली पूर्ण झाला. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील हे गाव २०१६ च्या पुनर्रचनेनंतर तेलंगणाच्या मंचेरियाल जिल्ह्यात आले. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. राजुरा आणि किनवट हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. या जिल्ह्यातून वायव्येकडून आग्नेयेकडे जाणाऱ्या डोंगररांगेस जुन्या गॅझेटियरात सातमाळ्याबरोबरच 'सह्याद्रिपर्वत' असेही नाव दिलेले आढळते. डोंगर फार उंच नाहीत. परंतु सागाच्या रानाने ते माथ्यापर्यंत झाकलेले असत, आणि अजूनही कावळच्या परिसरात, जेथे २०१२ साली व्याघ्रप्रकल्प घोषित झाला, ते रान बऱ्याच अंशी टिकून आहे.

या रानाची पानगळ एका रात्रीत होत नाही. तिला क्रम आहे. सालई आणि मोई ही झाडे लवकर उघडी पडतात. धावड्याची पाने थंडीत तांबूस होऊन मग गळतात, आणि एरवी कोणाचे लक्ष न जाणारे हे झाड त्या दिवसांत दुरूनही ओळखू येते. सागाची हातभर पाने आधी कडांनी करपतात, मग तपकिरी होतात आणि देठापासून सुटून खाली आदळतात. त्यांच्या थरावरून ससा गेला तरी माणूस चालल्याचा भास होतो. ऐन आणि मोह यांची पाळी नंतर येते. तोवर पळस निष्पर्ण फांद्यांवर फुलून गेलेला असतो आणि फाल्गुनात कुसुमाला अशी तांबडी कोवळी पालवी फुटते, की पाहणाऱ्यास ती फुलेच वाटावीत. विलायती रानाचा रंगोत्सव पाने मरताना होतो. या रानाचा बराचसा रंगोत्सव पाने जन्मताना होतो, हा भेद ध्यानात घेण्यासारखा आहे.

पान गळणे हा झाडाचा पराभव नसून ती त्याची काटकसर आहे. पानातील हरितद्रव्य मोडून त्यातील उपयुक्त अंश झाड खोडात परत घेते. हिरवा रंग गेला की आधीपासून दडलेला पिवळा रंग उघड होतो आणि काही झाडांत तांबडे द्रव्य नव्याने तयार होते. त्यानंतर देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर सैल होतो, पान सुटते आणि मागे राहिलेला व्रण बंद होतो. युरोपात, जपानात किंवा काश्मिरातील चिनारांच्या बागांत या क्रियेस लहान होत जाणारा दिवस आणि वाढती थंडी चालना देतात. दख्खनच्या कोरड्या रानात मुख्य सूत्रधार पाणी असते. जमिनीतील ओल घटली, की पानांवाटे उडून जाणारे पाणी झाडाला परवडत नाही आणि ते पानांचा संसार आवरते घेते. तात्पर्य, काश्मीरची पानगळ प्रामुख्याने थंडीचा हिशोब आहे, तर बेल्लमपल्लीची पानगळ ओलीचा हिशोब आहे.

परंतु बेल्लमपल्लीत आणखी एक पानगळ आहे आणि ती जमिनीखाली आहे. सिंगरेणी कोळसा कंपनी या नावाने १९२० साली स्थापन झालेल्या संस्थेने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात येथे खाणी खोदल्या आणि एका रानाचे गाव झाले. वर्धेच्या खोऱ्यात वणी, घुग्घुस, चंद्रपूर, बल्लारपूर येथे जो कोळसा सापडतो, त्याचाच हा गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यातील भाईबंद. तो सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतील वनस्पतींचा बनलेला आहे. त्या वनस्पतींत प्रमुख होती ग्लोसोप्टेरिस. तिच्या पानांचा आकार जिभेसारखा. म्हणून फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रोंन्यार याने १८२८ साली ग्रीक भाषेतील जीभ या शब्दावरून तिला हे नाव दिले. कोळशाच्या थरालगतच्या काळ्या खडकात ही पाने मधल्या शिरेसह आणि जाळीदार नसांसह उमटलेली आढळतात. अनेक ठिकाणी ती सुटी नसून एकावर एक अशा चळतीच्या रूपात असतात. तिच्या अश्मीभूत खोडांत स्पष्ट वार्षिक वलये दिसतात. या दोन्ही पुराव्यांवरून ही झाडे ऋतुमानाप्रमाणे पाने गाळीत असत, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला आहे.

आज उन्हाळ्यात भाजून निघणाऱ्या या प्रदेशात त्या वेळी थंडीचे राज्य होते. चंद्रपूरजवळ पैनगंगेच्या पात्रात इरई गावाशी हिमनदीने घासून गुळगुळीत केलेला आणि ओरखडलेला चुनखडक एकोणिसाव्या शतकातच भूशास्त्रज्ञांच्या नजरेस आला होता. भारताचा भूभाग तेव्हा दक्षिण गोलार्धात खोलवर, अंटार्क्टिका, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया यांना जोडलेला होता. त्या महाखंडास जगाने जे नाव दिले ते गोंडवन. म्हणजे याच गोंडांच्या मुलखाचे. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सहकारी मृत्युमुखी पडले. त्यांच्या अखेरच्या तंबूजवळ सुमारे सोळा किलो दगड मिळाले. उपासमारीतही त्यांनी ते ओझे टाकले नव्हते, आणि त्या दगडांत ग्लोसोप्टेरिसची पाने होती. ध्रुवाजवळचे पान आणि बेल्लमपल्लीच्या खाणीतले पान एकाच कुळातले निघाले. पुढे बिरबल साहनी यांनी अशा वनस्पतींच्या अभ्यासासाठी १९४६ साली लखनौ येथे संस्था उभारली.

अशा रीतीने बेल्लमपल्लीच्या भूमीत दोन पानगळींचे दप्तर आहे. खालचे दप्तर दगडाचे आहे आणि कोट्यवधी वर्षे शाबूत आहे. वरचे दप्तर दरवर्षी गळते आणि दरवर्षी कुजून जाते. दुर्दैवाने या दोहोंचा संबंध केवळ शेजाराचा राहिलेला नाही. खालची पानगळ खणून जाळली जाते, तेव्हा वरच्या पानगळीचे हवामान बदलते. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. ते प्रमाण आता ४२० च्या पुढे गेले आहे. जागतिक हवामान संघटनेने २०२४ हे तोवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरविले. भारतीय हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत देशाच्या दृष्टीनेही तेच वर्ष सर्वांत उष्ण ठरले. त्या वर्षाचा ऑक्टोबर महिना त्या नोंदींतील सर्वांत उष्ण ऑक्टोबर होता. त्याआधी २०२३ च्या फेब्रुवारीत दिवसाच्या सरासरी कमाल तापमानाने १९०१ पासूनचा उच्चांक गाठला होता. शिशिराच्या दोन्ही उंबरठ्यांवर अशी ऊब येऊन बसली आहे.

येथे कोळशास केवळ दूषण देऊन भागणार नाही. त्याने हजारो घरांत चूल पेटविली. आणि ज्या दिव्याखाली ग्रंथालयात पुस्तके वाचली गेली, त्या दिव्यातही पुष्कळ वेळा कोळशाचाच उजेड होता. बेल्लमपल्लीच्या जुन्या भूमिगत खाणींपैकी अनेक आता बंद झाल्या असल्या, तरी त्याच मंचेरियाल जिल्ह्यात जयपूर येथे सिंगरेणीचे १२०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र २०१६ पासून उभे आहे. प्रश्न दोषारोपाचा नसून जाणीवपूर्वक पाहण्याचा आहे.

उबदार हिवाळ्याचा या रानावर होणारा परिणाम एकेरी नाही. थंड प्रदेशांत शिशिर लांबला की पानांना रंग उशिरा चढतो. जपानमध्ये मेपलची पाने लाल होण्याचे दिवस पुढे सरकल्याचे तेथील सरकारी नोंदी दाखवितात. कोरड्या रानात मात्र दोन बाजूंनी ओढाताण होते. हवा उबदार व शुष्क असेल, तर जमिनीतील ओल लवकर उडते आणि पानगळ अलीकडे येऊ शकते. परतीचा पाऊस रेंगाळला किंवा मार्गशीर्ष-पौषात अवकाळी सरी आल्या, तर तीच पानगळ पलीकडे जाऊ शकते. म्हणून एका वर्षाच्या अनुभवावरून निदान करणे धोक्याचे आहे. 'यंदा थंडी पडलीच नाही' हे वाक्य दर पिढीने उच्चारले आहे. ते खरे की स्मरणाचा खेळ, हे ठरवायचे तर तारखा लागतात.

आणि तारखांवर पुष्कळ काही अवलंबून आहे. पानगळीमागून मोह फुलतो. चैत्राच्या आगेमागे पहाटे टोपल्या घेऊन मोहफुले वेचणाऱ्या गोंड, कोलाम कुटुंबांचे काही महिन्यांचे अन्न आणि रोख पैसा त्या फुलांत असतो. ऐन फुलोऱ्यात आलेला अवकाळी पाऊस ती फुले नासवितो. आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने महाराष्ट्रातील शेतीची जी दैना केली, ती अनेकांच्या स्मरणात असेल. तेंदूची नवी पाने उन्हाळ्यात खुडली जातात; पालवीचे दिवस सरकले तर खुडणीचा हंगामही सरकतो आणि मजुरीचे गणित चुकते. वाळलेल्या पानांचा थर म्हणजे वणव्याचे सरपण. महाराष्ट्राचे वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानते. पाने आधी गळून रान आधीच वाळले, तर वणवा शासकीय दिनदर्शिकेची वाट पाहत बसणार नाही.

असे असता या पानगळीची लेखी नोंद किती आहे? जुन्या गॅझेटियरांत डोंगर, नद्या, पिके, पाऊस आणि लोकसंख्या सापडतात. परंतु सागाचे पहिले पान कोणत्या आठवड्यात गळले, हे तेथे सहसा सापडत नाही. ते ज्ञान माणसांच्या डोक्यात राहिले आणि माणसांबरोबर गेले. इतरत्र तसे झाले नाही. क्योतो येथील चेरीच्या बहराच्या तारखा दरबारी रोजनिशींतून नवव्या शतकापासून गोळा करता आल्या. २०२१ साली तो बहर २६ मार्च या दिवशी आला, तेव्हा इतका लवकर बहर बाराशे वर्षांत आला नव्हता, असे छातीठोकपणे सांगता आले. इंग्लंडात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ पासून पालवी, फुले आणि पक्ष्यांच्या आगमनाची टिपणे ठेवली व त्याच्या वंशजांनी ती पुढे चालविली. अमेरिकेत थोरोने कॉन्कर्ड येथे १८५० च्या दशकात केलेल्या फुलोऱ्याच्या नोंदी दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांच्या कामी आल्या. यांपैकी कोणीही हवामानबदल सिद्ध करण्यासाठी लेखणी उचलली नव्हती. त्यांनी फक्त नेमाने लिहिले आणि कोणीतरी ते कागद जपले.

जपण्याचे हे काम ग्रंथालयाचे आहे. शंभर वर्षे दाखलअंक लिहिणारी, देवघेवीची वही सांभाळणारी आणि वाळवीपासून पुस्तके वाचविणारी संस्था नेमाने नोंद करणे म्हणजे काय, हे इतरांपेक्षा अधिक जाणते. वाचनकक्षात एक साधी वही ठेवता येईल. गावाजवळची चार-पाच झाडे निश्चित करावीत. साग, पळस, मोह, कुसुम आणि आवारातील एखादा पिंपळ. पहिले पान पिवळे झाल्याचा, झाड निम्मे उघडे पडल्याचा, पूर्ण निष्पर्ण झाल्याचा आणि पहिली पालवी दिसल्याचा दिवस, एवढ्या चार तारखा दरवर्षी लिहाव्यात. झाड तेच असावे, वही तीच असावी. लिहिणारे हात बदलले तरी चालतील. शाळेतील मुलांना, सेवानिवृत्त सभासदांना आणि रानाच्या कडेला राहणाऱ्या वाचकांना हे काम सहज जमण्यासारखे आहे. विशेषतः मोह वेचणाऱ्या घरांतील वडीलधाऱ्यांना त्या वहीपाशी मानाने बोलवावे. कारण या विषयातले खरे व्यासंगी तेच आहेत.

अशा वहीस पहिल्या वर्षी काहीच मोल वाटणार नाही. दहाव्या वर्षी ती कुतूहलाची वस्तू होईल. तिसाव्या वर्षी ती पुरावा होईल. आणि ग्रंथालयाच्या द्विशताब्दीस जो कोणी वाचक ती उघडील, त्याला शिशिर कसा आणि किती सरकला, हे कोणाच्या आठवणीवर विसंबून न राहता कळेल. खाणीतल्या पानगळीची नोंद दगडाने ठेवली. डोंगरावरच्या पानगळीसाठी मात्र कागद, शाई आणि नेम यांवाचून दुसरा आधार नाही. येत्या शिशिरात, पहिले पान गळण्यापूर्वी, त्या वहीचे पहिले पान लिहिले जावे, हीच या शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयास विनंती आणि शुभेच्छा.