दरबारातला अर्ज, गावातला ठराव

सरकारचा कारभार कसा सुधारावा, हे नागरिकांनी सरकारला सांगायचे, ही कल्पना आपल्याकडे युरोपातून आली असे अनेकांना वाटते. आता तेलंगणात असलेल्या आदिलाबादच्या डोंगरात ती फार आधीपासून होती, आणि तिची किंमतही तिथे मोजली गेली आहे. गोंड नेता कोमरम भीम आणि त्याच्या सोबत्यांचे म्हणणे मोजके होते: बारा गावांतली जमीन आम्ही कसतो, जंगलात आमची गुरे चरतात, तेव्हा तिथला कारभार आम्हाला पाहू द्या. निजामाच्या राज्यात या सूचनेचे उत्तर पोलिसांच्या बंदुकीने दिले. 1940 मध्ये जोडेघाटला भीम मारला गेला. गोंड समाज आजही अश्विन पौर्णिमेला तिथे त्याचे स्मरण करतो.

गोळीबार झाल्यावर सरकारला प्रश्न पडला की हे लोक चिडले तरी कशाने. कारणे शोधण्याचे काम आले क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या व्हिएन्नाच्या मानववंशशास्त्रज्ञाकडे. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या खिशात जर्मन पासपोर्ट, म्हणजे इंग्रजांच्या लेखी तो शत्रुपक्षाचा माणूस. हैदराबाद संस्थानात राहण्याची मुभा मिळाली ती याच अवस्थेत. संशयित माणूस पुढे त्याच सरकारचा आदिवासींविषयीचा सल्लागार झाला, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

त्याला जे आढळले ते महसुली दप्तरातले साधे दुखणे होते. गोंड ज्या जमिनी कसत होते त्यांतल्या पुष्कळ ‘शिवाय जमाबंदी’ या सदरात मोडत. सारा दरवर्षी भरायचा, पण नावावर पट्टा नाही. त्यामुळे बाहेरून आलेला, कागद कळणारा माणूस तलाठ्याला हाताशी धरून तीच जमीन आपल्या नावावर करून घेई. वर राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या, त्या वस्त्यांच्या आणि शेतांच्या अंगावरून. त्याच्या अहवालांनंतर हजारो कुटुंबांना विनामूल्य पट्टे मिळाले. 1943 मध्ये मार्लावाईला गोंड शिक्षक घडवणारे केंद्र निघाले आणि गोंडीतली क्रमिक पुस्तके देवनागरीत छापली गेली. देवनागरी का? या मुलखात परक्या माणसाशी बोलताना गोंड माणूस मराठीच वापरी, म्हणून. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. त्या केंद्रात देवनागरी गिरवलेल्यांच्या मुलांनी पुढे तेलुगू पाटी हातात घेतली.

शिवकालाचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले सेतुमाधवराव पगडी मुळात हैदराबादचे सनदी अधिकारी. निलंग्याचा हा माणूस आदिलाबादच्या आदिवासी भागात कामाला आला आणि नुसता दौरे करून गेला नाही. तो गोंडी शिकला आणि त्याने त्या भाषेचे व्याकरण लिहिले. समोरच्या अर्जदाराची भाषा शिकून तिचे व्याकरण लिहिणारा अधिकारी आज कोणत्या जिल्ह्यात सापडेल?

याच काळात एक प्रथा रुजली. पौष अमावास्येला इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला मेस्राम कुळाची नागोबाची यात्रा भरते. त्यासाठी कुळातले लोक पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, आणि कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी ‘भेटिंग’ होते. हजारो गोंड एका जागी येतात, तर सरकारनेच तिथे का जाऊ नये, असा हायमेनडॉर्फचा विचार होता. त्यातून नागोबा दरबार सुरू झाला. आजही जिल्हाधिकारी, उटनूरच्या आदिवासी विकास संस्थेचे प्रकल्प अधिकारी, आमदार, एखाद्या वर्षी मंत्री मांडवात बसतात आणि समोर अर्जांची रांग लागते.

त्या रांगेतला एखादा अर्ज हातात घेऊन पाहावा. मजकूर तेलुगूत, कारण कचेरीला तेलुगू लागते. लिहिणारा बहुधा गावातला शिकलेला पोरगा, खाली अंगठा किंवा वळणदार सही एखाद्या आजोबांची, जे घरात गोंडी बोलतात आणि बाजारात मराठी. मागणी काय? गुड्यापर्यंत, म्हणजे पाड्यापर्यंत रस्ता, पावसाळ्यात ओढा ओलांडायला पूल, बोअरवेल, शाळेला शिक्षक, पोडूच्या, म्हणजे जंगल साफ करून कसलेल्या जमिनीचा पट्टा. कागदावर शिक्का बसतो आणि तो संबंधित खात्याकडे ‘पुढील कार्यवाहीसाठी’ जातो. दर सोमवारी जिल्हाधिकारी कचेरीत भरणाऱ्या प्रजावाणी या तक्रार-सभेचीही रीत हीच.

दरबाराला नावे ठेवण्याचे कारण नाही. साहेबाने खुर्ची सोडून देवळापर्यंत यावे, ही गोष्ट लहान नाही. पण दरबारात माणूस अर्जदार असतो. तो मागतो, वरचा देतो किंवा देत नाही. रस्ता कुठून न्यावा, शाळेत पहिली दोन वर्षे कोणती भाषा असावी, जंगलातला कोणता भाग राखावा, हे त्याला चांगले कळते, पण त्या कळण्याला अर्जात रकाना नाही. आणि मागणे ऐकून घेतले जात नाही असे वाटले की काय होते, तेही याच परिसराने पाहिले आहे. 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्लीत जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकड्यानुसार 13 माणसे गेली. मानवाधिकार संघटनांनी त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगितला. दरबार भरतो ते केसलापूर तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

अर्जात नसलेला हा रकाना जगाच्या मोजमापातही नाही. संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास अहवाल 1990 पासून निघतो. महबूब उल हक यांच्या कल्पनेतून आलेला त्यातला निर्देशांक आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मोजतो. आपल्या गावाच्या कारभारात माणसाचा शब्द चालतो का, हे त्यात कुठे नाही. काही ठिकाणी मात्र नागरिकाच्या सूचनेला कायद्याचे बळ आहे. स्वित्झर्लंडमध्ये 18 महिन्यांत 1 लाख सह्या जमल्या, की घटनादुरुस्तीची सूचना देशभर मतदानाला टाकावी लागते. युरोपीय संघात 10 लाख सह्यांच्या सूचनेवर आयोगाला कारणांसह उत्तर द्यावे लागते. मान्यच करावे असे नाही, पण का नाही ते सांगावे लागते. आपल्याकडे सूचना पाठवणाऱ्याला पोचपावती मिळाली तरी तो खूश असतो.

सूचना गावातून निघून देशाचा कायदा होऊ शकते, याचे उदाहरण मराठी माणसाला शोधावे लागत नाही. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी साठच्या दशकात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची गरज सगळ्यांना पटली, 1977 मध्ये महाराष्ट्राने कायदा केला आणि 2005 मध्ये तो विचार केंद्राच्या कायद्याने देशभर गेला. फेब्रुवारी 2006 मध्ये पहिल्या टप्प्यात जे 200 जिल्हे निवडले, त्यांत आदिलाबाद होता. पागे विधान परिषदेचे सभापती होते, त्यांचा शब्द वरपर्यंत पोचला, हे खरे. गुड्यातल्या माणसाला ती सोय नाही. आंध्रने त्या योजनेला एक जोड दिली, सामाजिक लेखापरीक्षणाची: हजेरीपटावरची नावे आणि मजुरीचे आकडे गावासमोर मोठ्याने वाचायचे. मेलेल्या माणसाच्या नावावर मजुरी निघाली, तर सभेत ते कुणीतरी ओळखतोच. दरबारातही नवे अर्ज घेण्याआधी मागच्या वर्षीचे अर्ज आणि त्यांची उत्तरे गोंडीत, मराठीत आणि तेलुगूत वाचून दाखवायला काय हरकत आहे? खर्च एका माइकचा. खरी अडचण वेगळी आहे: ज्याने अर्ज घेतला त्या अधिकाऱ्याची बहुतेक वेळा तोवर बदली झालेली असते.

मागणाऱ्याचा ठरवणारा होतो तो ग्रामसभेत. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्याने आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला ते बळ कागदावर दिले आहे. ते वापरून कसे दाखवावे, हे गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाकडून शिकावे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावेही परिचित आहेत. तिथले अभ्यासगट मात्र घोषणेइतके गाजले नाहीत. कायदा, बांबू, मासेमारी, काहीही असो, आधी गावकरी बसून विषय समजून घेतात, गरज पडल्यास बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, आणि मग सर्वसहमतीने ठराव करतात. बहुमताने नाही. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेवर. यात वेळ जातो, चिडचिडही होते, पण नंतर ठराव मोडायला गावातून कुणी उठत नाही. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

तेलंगणात जून 2023 मध्ये पोडू जमिनीच्या पट्ट्यांचे वाटप जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या आसिफाबादहून सुरू झाले. राज्यभरात चार लाख एकरांहून अधिक जमीन सुमारे दीड लाख लोकांच्या नावावर झाली. हे वैयक्तिक पट्टे होते आणि ते मिळाले ते योग्यच झाले. पण अख्ख्या जंगलावरच्या सामूहिक हक्काची गोष्ट मागेच राहिली. तिचे महत्त्व 2025 मध्ये कळले. मे महिन्यात सरकारने आसिफाबाद भागातले मोठे वनक्षेत्र वाघांच्या वाटेसाठी संवर्धन क्षेत्र म्हणून जाहीर करणारा आदेश काढला. आम्हाला विचारले कुणी, असे म्हणत आदिवासी रस्त्यावर उतरले आणि जुलैमध्ये आदेश स्थगित ठेवावा लागला. वाघाला वाट हवी यात वाद नाही. पण ती वाट ज्यांच्या शेताच्या बांधावरून जाते, त्यांना हा आदेश बातमीतून कळावा का?

सामूहिक दावा ग्रामसभेनेच सुरू करायचा असतो आणि त्याला वकील लागत नाही. वनहक्क समिती निवडायची, हद्दीचा नकाशा काढायचा, पुरावे जोडायचे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे लिहून घेतलेले जबाब पुरावा म्हणून चालतील, असे कायद्याच्या नियमांतच म्हटले आहे. देवाची जागा कुठे, गुरांचे पाणी कुठे, जुना गुडा कुठे होता, कोणत्या ओढ्यापलीकडे दुसऱ्या गावाची हद्द लागते, हे गोंडीत सांगणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. ते ऐकून तेलुगूत उतरवू शकणारी पोरे उटनूर आणि आदिलाबादच्या कॉलेजांत शिकत आहेत. तेंदूपानांचा हंगाम आटोपला की पेरणीआधी थोडे दिवस मोकळे मिळतात. जबाब लिहून घ्यायला आणि हद्द फिरून यायला तेवढे पुरतात.