उच्च शिक्षण : प्रवेशाची पूर्वतयारी



२७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय अल्पसंख्याक दर्जा दिला. महाराष्ट्रातील जैन अल्पसंख्याक महाविद्यालयांत समाजाच्या मुलामुलींसाठी जागा राखीव असतात. तथापि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म ‘जैन’ असा नसेल, तर गुणवंत विद्यार्थीही त्या जागेस मुकू शकतो. ही नोंद मूल शाळेत असतानाच तपासून घ्यावी. शिष्यवृत्तीसाठी तहसील कार्यालयातून मिळणारा उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या धावपळीपूर्वीच काढावा.

व्यापारी समाज म्हणजे सधन समाज, हा समज दुकानात पगारावर राबणाऱ्या पित्यास मदत मागू देत नाही. शिष्यवृत्ती मागण्यात कमीपणा नाही. दात्यांनीही घेणाऱ्याचे नाव गुप्त ठेवून शुल्क भरावे. तेच खरे विद्यादान.

जय जिनेंद्र!