फ्लॅश लागला, फोटो आला नाही



माझ्या वडिलांचा दोन भिंगांचा रोलीफ्लेक्स कॅमेरा अजून चालतो. १२० नंबरच्या फिल्मवर १२ फोटो निघतात. मागे आपल्या सिनेगॉगमधल्या एक वयोवृद्ध मावशी नऊवारी नेसून माझ्यासमोर बसल्या. "नीट काढ गं," म्हणाल्या. बाराही वेळा फ्लॅश लखलखला. फिल्म धुतली, तर सगळी कोरी!

चूक माझीच. या कॅमेऱ्यावर 'एम' आणि 'एक्स' अशा दोन खुणा असतात. 'एम' जुन्या बल्बसाठी. बल्ब पूर्ण पेटायला सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग लागतो, म्हणून शटर तेवढे थांबून उघडते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश त्याआधीच विझून जातो; त्याला 'एक्स' लागते. माझा खटका 'एम'वर राहिला होता.

पुन्हा फोटो काढायला गेले, तोवर मावशी गेल्या होत्या.

जन्मभर परिचारिका म्हणून इंजेक्शन भरण्यापूर्वी औषधाचे लेबल तीनदा वाचले. इथे एकदाही पाहिले नाही. आता प्रत्येक फोटोआधी पाहते.

आज वर्धापनदिनी एवढीच विनंती: घरात वडीलधारी माणसे असतील, तर सणाची वाट पाहू नका. मला हाक मारा, मी कॅमेरा घेऊन येते.