शर्यतीच्या गाडीतल्या भगिनी
(मंडळाच्या वर्धापनदिनी मुलुंड येथे केलेले भाषण)



पाककृती, आरोग्य, मुलांचे संगोपन या विषयांवर बोलणाऱ्या आपल्या मंडळात पुष्कळजणी आहेत आणि त्या माझ्याहून चांगले बोलतात. म्हणून मी आज थोडा निराळा विषय घेतला आहे : मोटारींच्या शर्यतीत भाग घेणाऱ्या स्त्रिया. विषय कळल्यावर आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, आपल्यापैकी शर्यतीला जाणार आहे कोण?" प्रश्न रास्त आहे. बहुधा कोणीच जाणार नाही. पण ज्या जातात त्यांच्यापासून न जाणाऱ्यांनी काय घ्यावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

हा खेळ आपल्या मुंबईला परका नाही. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत आपल्या उपनगरातच, जुहूच्या विमानतळाच्या धावपट्टीवर, मोटारींच्या शर्यती होत. स्त्रियांचे नाव तर त्याआधीपासून मोटारीशी जोडलेले आहे. जे. आर. डी. टाटांच्या मातोश्री सुझान यांनी १९०५ साली मोटार चालविली, आणि हिंदुस्थानात मोटार चालविणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. म्हणजे या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे लोटली. तरीही बाई गाडी चालवीत आहे असे दिसले की सिग्नलला उभा असलेला रिक्षावाला मान वळवून पाहतोच!

आता अगदी अलीकडची हकीगत सांगते. पुण्याच्या डायना पुंडोले या व्यवसायाने शिक्षिका आणि दोन मुलांची आई. २०२४ साली चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर त्यांनी सलून गाड्यांच्या गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. मोटार शर्यतीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा गौरव झाला. ही शर्यत बायकांची वेगळी नव्हती, हे ध्यानात घ्या. पुरुष स्पर्धकांबरोबर एकाच रांगेत उभे राहून त्यांनी ती जिंकली.

आपल्या मुंबईच्या स्नेहा शर्मा प्रवासी विमान चालवितात आणि सुट्टीत शर्यतीची गाडीही चालवितात. मराठी नाटक-सिनेमावाल्यांना मनीषा केळकर हे नाव ठाऊक असेल. या अभिनेत्रीही शर्यतीच्या गाडीत बसल्या आणि स्त्रियांच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या.

शर्यत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बेफामपणा उभा राहतो. वास्तविक या खेळाइतकी शिस्त क्वचितच कुठे असेल. आधी स्पर्धेचा वेगळा परवाना काढावा लागतो. डोक्याला शिरस्त्राण, अंगात आग न पकडणारा पोशाख, आणि खांद्यांवरून व कमरेवरून आवळलेले पट्टे, एवढ्या तयारीशिवाय गाडीत बसता येत नाही. वाटेत जागोजागी निशाणे घेऊन माणसे उभी असतात. पिवळे निशाण दिसले की पुढे धोका आहे असे समजावयाचे. मग कोणी कोणाला मागे टाकावयाचे नाही. निळे निशाण दाखविले तर मागून अधिक वेगाची गाडी येत आहे, तिला वाट द्यावयाची. काळे निशाण म्हणजे मुकाट्याने बाहेर या! आपल्या लालबहादूर शास्त्री मार्गावर अशी निशाणे लावली तर किती बरे होईल, असे माझ्या मनात येते.

शिवाय ही शर्यत सरळ रस्त्यावर जिंकली जात नाही, ती वळणावर जिंकली जाते. वळणाच्या आधी नेमका कुठे ब्रेक दाबावयाचा, गाडीचा भार कोणत्या चाकांवर आहे, आणि बाहेर पडताना वेग केव्हा वाढवावयाचा, याचे गणित क्षणोक्षणी करावे लागते. उकाड्यात, जाड पोशाखात, घामाने निथळत हे करावयाचे असते. दणकट दंड पुरत नाहीत, डोके थंड लागते. म्हणूनच या खेळात स्त्री-पुरुष एकत्र उतरू शकतात.

याचे मोठे नवलाचे उदाहरण स्वीडन देशात आहे. तिथल्या एवी रोस्कविस्ट या जनावरांच्या डॉक्टरांच्या मदतनीस म्हणून काम करीत. रोज या शेतावरून त्या शेतावर, कच्च्या रस्त्यांनी, हिवाळ्यात बर्फातून त्यांना गाडी हाकावी लागे. त्या कामातच त्यांचा हात बसला. १९५९ पासून सलग ३ वर्षे त्या स्त्रियांच्या गटात युरोपच्या रॅली विजेत्या ठरल्या. १९६२ साली अर्जेंटिनातील साडेचार हजार किलोमीटरांहून लांब शर्यतीत त्या आपली सोबतीण उर्सुला विर्त हिला घेऊन उतरल्या. या बायका शेवटपर्यंत पोचणार नाहीत, असे लोक म्हणत होते. शर्यतीचे टप्पे ६ होते आणि सहाही टप्पे या दोघींनी जिंकले! सरासरी वेग ताशी १२६ किलोमीटर पडला. बाईंचे २०२४ साली निधन झाले.

त्याच उत्तरेकडच्या डेन्मार्कच्या मिशेल गॅटिंग २०२१ साली फेरारी गाड्यांच्या युरोपीय स्पर्धेत विजेत्या ठरल्या. २०२३ साली बहारीनच्या ८ तासांच्या जागतिक शर्यतीत त्यांच्या तिघींच्या संघाने आपला गट जिंकला. तिघी स्त्रियांच्या संघाने त्या जागतिक मालिकेत मिळविलेला तो पहिला विजय होता.

मग आपल्याकडे अशा स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या का? पहिले कारण पैसा. गाडी, टायर, पेट्रोल, कारागीर, चेन्नई-कोइमतूरच्या खेपा, सगळेच खर्चाचे. मुलाच्या क्रिकेटच्या किटला पैसे निघतात, मुलीच्या गाडीच्या छंदाला निघत नाहीत. दुसरे कारण सवय. त्या स्वीडिश बाईंना गाडी रोज हातात मिळाली. आपल्या मुलींना ती मिळते कुठे?

हाताला सवय नसेल तर नुसत्या परवान्याने काय होते, याची एक गोष्ट सांगते. आमच्या शेजारच्या बाईंनी ती सांगण्याची मला परवानगी दिली आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्यांच्या सासऱ्यांना धाप लागली. यजमान बाहेरगावी होते. गाडी इमारतीखाली उभी, किल्ली खुंटीला, आणि बाईंचा परवाना अकरा वर्षांचा! पण या अकरा वर्षांत त्यांनी गाडी एकदाही चालविली नव्हती. किल्ली हातात घेऊन त्या खाली आल्या, गाडीत बसल्या, आणि गाडी मागे घेण्याचा धीर काही झाला नाही. रिक्षा मिळेपर्यंत पाऊण तास गेला. सासरे वाचले, ही देवाची कृपा. पण तो पाऊण तास त्या बाई अजून विसरलेल्या नाहीत.

त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. परवाना काढल्यावर पहिल्याच आठवड्यात "गर्दी फार आहे, तू नको, मी नेतो" असे घरात म्हटले जाते. ते प्रेमानेच म्हटले जाते. पण त्या प्रेमाने हात विसरतो. शिकलेले पोहणे विसरत नाही म्हणतात. गाडीचे तसे नाही, निदान धीराचे तर नाहीच.

आणि स्त्रीच्या हाती वाहन असण्याची आपल्याला सवय नाही असेही म्हणता येणार नाही. साताऱ्याच्या सुरेखा यादव या देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. २००० साली आपल्या याच मध्य रेल्वेवर स्त्रियांची खास लोकल सुरू झाली, तेव्हा ती त्यांनीच चालविली. २०२३ साली वंदे भारत गाडी त्यांनी सोलापूरहून मुंबईला आणली, आणि २०२५ साली त्या निवृत्त झाल्या. त्या लोकलने कचेरीला जाणाऱ्या आपल्या भगिनींनी गाडी कोण चालवीत आहे याची काळजी केली नाही. डबा उघडला, भाजी निवडली, आणि वेळेवर पोचल्या.

म्हणून माझी मंडळापुढे एक सूचना आहे. ज्यांच्याजवळ परवाना आहे पण हात बसलेला नाही, अशा सभासदांसाठी दर रविवारी सकाळी सहा ते सात, वसाहतीतल्या आतल्या रस्त्यावर सराव ठेवावा. ज्यांचा हात चांगला बसला आहे अशा आपल्यातल्या तिघीजणी शेजारी बसावयास तयार आहेत. गाडी आपापल्या घरची, पेट्रोल आपापले. मंडळाला एक पैसा खर्च नाही. पहिला महिना फक्त गाडी मागे घेणे, वळविणे आणि चढावर थांबवून पुन्हा सुरू करणे एवढेच. नावे चिटणीसबाईंकडे द्यावी.

घरच्या पुरुषमंडळींना एकच विनंती. त्या तासाला शेजारी बसून सूचना देऊ नयेत. घरी राहून चहा करावा.

आणि एखाद्या घरची मुलगी "मला गो-कार्टिंगला जायचे आहे" म्हणाली, तर हसण्याआधी तिला एकदा नेऊन आणावे. ती राष्ट्रीय विजेती होईल न होईल. पण रात्री-अपरात्री खुंटीवरची किल्ली घेताना तिचा हात कापणार नाही. एवढे झाले तरी मंडळाचे हे वर्ष सार्थकी लागले असे मी समजेन.