हरळीचं मैदान : लहान गोल्फ मैदानाची थोडक्या खर्चात निगा



हरळीचं नाव काढलं की तुमच्या कपाळाला आठी पडणार, हे मला ठाऊक आहे. उन्हाळ्यात नांगरट करायची, काशा वेचायच्या, बांधावर ढीग करून जाळायच्या, आणि मृगाचा पाऊस पडला की ती पुन्हा डोकं वर काढणार. आज मात्र हीच हरळी मुद्दाम लावून, खतपाणी घालून वाढवण्याच्या कामाविषयी बोलायचं आहे. ते काम म्हणजे गोल्फच्या लहान, कमी खर्चाच्या मैदानाची निगा.

तुम्ही म्हणाल, हा साहेबांचा खेळ, आमचा काय संबंध? संबंध आहे. अशा मैदानावर माळीकाम करणारी माणसं बहुधा शेजारच्या गावांतलीच असतात. गवत कापण्याचा, वाळू टाकण्याचा मक्ता गावातला एखादा ट्रॅक्टरवाला घेतो. कुणी लॉनसाठी हरळीच्या काड्या विकतो. आणि मैदान आलं की त्याला लागणारं पाणीही आपल्याच शिवारातून उपसलं जातं. तेव्हा हा व्यवहार आतून कसा चालतो, ते शेतकऱ्याला कळलेलं बरं.

आधी मैदान कसं असतं ते बघू. जमिनीत सव्वाचार इंच रुंदीचं एक भोक असतं, त्याला होल म्हणतात. लांबून काठीनं चेंडू मारत मारत त्या भोकात घालायचा, एवढाच खेळ. मारायला सुरुवात करायची ती जागा म्हणजे टी. मधला लांब पट्टा म्हणजे फेअरवे. आणि भोकाभोवती गालिच्यासारखं बारीक कापलेलं गवत असतं, ते ग्रीन. मोठ्या मैदानावर १८ होल असतात आणि त्याला शंभराहून जास्त एकर लागतात. लहान मैदान ९ होलचं, आणि अंतरं आखूड ठेवली तर ते २०-२५ एकरांतही बसतं.

आता हिशेब नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. लहान मैदानावर एक ग्रीन साधारण २ ते ३ गुंठ्यांचं असतं. नऊ ग्रीन मिळून झाले वीसेक गुंठे, म्हणजे अर्धा एकर. पंचवीस एकरांच्या मैदानात खरी बागायत एवढीच. बाकी साडेचोवीस एकर ही कोरडवाहू जमीन समजावी. खेळणाराचा चेंडू सरळ घरंगळला पाहिजे तो ग्रीनवर. फेअरवेवर गवत थोडं पिवळं असलं तरी खेळ अडत नाही. पण लहान मैदानं मोडीत निघतात ती इथंच. सगळं रान हिरवंगार दिसावं म्हणून पैसा आणि पाणी पंचवीस एकरांवर पसरतात, आणि अर्ध्या एकराला पुरेसं काहीच उरत नाही. ना फेअरवे हिरवे राहत, ना ग्रीन गुळगुळीत.

पाण्याचं बघा. एका एकरावर १ मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे सुमारे ४,००० लिटर. उन्हाळ्यात हरळी हिरवी ठेवायला दिवसाला कमीत कमी ५ मिलिमीटर धरा. अर्ध्या एकराच्या ग्रीनला झाले १०,००० लिटर, म्हणजे एक टँकर. पंचवीस एकरांना झाले पाच लाख लिटर. रोजचे पन्नास टँकर! मे महिन्यात एवढं पाणी कुठल्या विहिरीनं द्यायचं? आणि द्यायची गरजही नाही. हरळी वरून वाळली तरी खाली काशा जिवंत असतात, हे तुमच्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक? पावसाचे दोन झड बसले की फेअरवे आपोआप हिरवा होतो. शेतात जी खोड आपल्याला छळते, तीच इथं उपयोगी पडते. शहराजवळ मैदान असेल तर सांडपाणी शुद्ध करून वापरता येतं. थोडे क्षार हरळी इतर गवतांपेक्षा चांगले सोसते.

म्हणून गावाच्या शिवारात मैदान येतंय असं कानावर आलं, तर पहिला प्रश्न पाण्याचा विचारा. किती गुंठे भिजवणार, कुठल्या पाण्यावर? 'सगळं भिजवणार' असं उत्तर आलं, तर ग्रामसभेनं तो आकडा लेखी मागावा आणि वर सांगितलेल्या हिशेबानं ताडून पाहावा.

ग्रीनची जमीन

आपली काळी जमीन पिकाला सोनं, पण ग्रीनला वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि सतत पाय पडले की दगडासारखी आवळते. अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेनं १९६० साली ग्रीन बांधण्याची एक पद्धत छापून प्रसिद्ध केली. खाली निचऱ्याचे पाइप, त्यावर ४ इंच खडी, त्यावर १२ इंच वाळूचं मिश्रण. पद्धत उत्तम, पण २ गुंठ्यांच्या एकाच ग्रीनला फुटभर थर म्हणजे जवळजवळ २२ ब्रास माल. नऊ ग्रीनना दोनशे ब्रासच्या आसपास. कमी खर्चाच्या मैदानाला हे झेपत नाही. त्यांनी जागेवरचीच हलकी, मुरमाड जमीन उचलून भोवतालापेक्षा दीड-दोन फूट उंच करावी, वरच्या ४ इंचांत वाळू मिसळावी, आणि पाणी दोन बाजूंना निघून जाईल असा हलका उतार द्यावा. डोंगराच्या बाजूनं पाणी येत असेल तर वरच्या अंगाला चर काढावा. ग्रीनवर पाऊस थांबल्यानंतर तासाभरानंही पाणी साचून दिसलं, तर दुसरं कुठलंही काम हाती घेण्याआधी निचरा दुरुस्त करा.

जागा निवडताना झाडाकडं बघा. हरळीला सावली मानवत नाही. वडाखालचं, आंब्याखालचं ग्रीन दिसायला गोड, पण तिथं गवत विरळच राहणार. झाड तोडण्यापेक्षा ग्रीन चार पावलं सरकवलेलं बरं.

कापणी, वाळू, पाणी

गवताची उंची एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. पानं म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. ते एकदम उडवलं तर मुळं उपाशी पडतात. महागड्या मैदानांवर ग्रीन ३-४ मिलिमीटरवर कापतात. साध्या हरळीला ते सोसत नाही. ६ ते ८ मिलिमीटर ठेवा आणि एक दिवसाआड कापा. फेअरवे पाऊण इंच चालेल. पातं मात्र धारदार हवं. बोथट विळ्यानं कडबा कापला की कसा फाटतो? तसंच गवताचं शेंड्याला होतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळं ग्रीन पांढुरकं दिसतं. अशा वेळी लोक खत टाकतात, औषध मारतात. धार लावणं राहूनच जातं.

पायांचं नुकसान फार. खेळणारे सगळे भोकाभोवतीच फिरतात, त्यामुळं तिथली जमीन आवळते. म्हणून भोकाची जागा दर एक-दोन दिवसांनी बदलायची. गोल पात्याच्या हत्यारानं नवीन जागी मातीसकट गवताचा गड्डा उचलायचा आणि तो जुन्या भोकात बसवून पाय देऊन सपाट करायचा. वरून पडलेल्या चेंडूचे खळगे बाजूनं आत ढकलून बुजवायचे. खालून उचकटून वर काढले तर मुळं तुटतात. या दोन कामांना काही खर्च नाही, फक्त रोज सकाळी एक माणूस हवा.

आवळलेली जमीन मोकळी करायला तीन-चार इंच खोल भोकं पाडायची. यंत्र नसेल तर मजबूत दाताळ्यानं टोचावं. हे काम हरळी जोमात वाढत असताना आणि जमिनीत वाफसा असताना करायचं; चिखलात केलं तर उलटं होतं. मग चाळलेली वाळू फडक्यानं किंवा झाडूनं भोकांत लोटायची. वाळू नेहमी एकाच जातीची वापरावी. आपल्याकडं पोयटा म्हणजे चांगली माती असा समज आहे, म्हणून कुणी एक वर्ष वाळू टाकतं, पुढच्या वर्षी तळ्यातला गाळ. मग थरावर थर बसतात आणि पाणी मधल्या थरावर अडतं. शेतात गाळ जरूर घाला, वाळूच्या ग्रीनवर नको.

पाणी पहाटे द्यावं आणि खोल मुरू द्यावं. रोज शिंपडून शिंपडून दिलं की मुळं वरच राहतात, शिवाय रात्रभर ओलं राहिलेल्या गवतावर बुरशी येते. खत थोडं थोडं. वाढीच्या दिवसांत गुंठ्याला पाव किलो युरिया दर पंधरा दिवसांनी, आणि टाकल्यावर लगेच पाणी. जास्त दिलं तर हिरवेपणा चार दिवस दिसतो, पण खाली काड्यांची गादी साचते आणि पाणी त्या गादीतच अडकतं. शेणखत द्यायचं तर पूर्ण कुजलेलं, चाळलेलं. नाही तर त्याबरोबर तणाचं बी येतं.

लव्हाळा दिसला की त्याच दिवशी खाली गाठीसकट काढा. आणि हुमणीवर नजर ठेवा. श्रावणात ग्रीनचा एखादा तुकडा घोंगडीसारखा हातात उचलून आला, तर खाली पांढरी अळी मुळं खात बसलेली असते. रात्री डुकरं येऊन उकरतात ती याच अळीसाठी. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमलेले भुंगेरे फांद्या हलवून गोळा करायचे, हा उपाय ऊसवाल्यांना माहीत आहे. मैदानवाल्यांनी आणि शेजारच्या ऊसवाल्यांनी तो एकाच आठवड्यात केला तर दोघांचा फायदा.

मेंढरं आणि वाळूचे ग्रीन

फेअरवे कापायला यंत्रच लागतं असं नाही. हा खेळ वाढला तो स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या चराऊ रानांत. तिथं उत्तरेला ब्रोरा नावाचं गाव आहे. तिथलं मैदान जेम्स ब्रेड यांनी १९२३ साली नव्यानं आखलं. त्या जमिनीवर गावच्या शेतकऱ्यांचा चराईचा हक्क होता, त्यामुळं पुढं अनेक दशकं मेंढरं आणि गुरं फेअरवेवर चरत राहिली. प्रत्येक ग्रीनभोवती फक्त विजेच्या हलक्या झटक्याची तार ओढलेली. लेंड्यांवरून कुरबुरी होतच असत, तरी खेळ चालू आणि चराईही चालू. आपल्याकडं मेंढपाळांशी असा ठराव करायला हरकत नाही; पावसात ओली जमीन खुरांनी तुडवली जाऊ नये एवढं सांभाळावं.

पाणी अजिबातच नसेल तर ग्रीन गवताचं नकोच. आपल्या देशात छावण्यांच्या काही मैदानांवर वाळूचे ग्रीन असत, त्यांना ब्राउन म्हणत. अमेरिकेतल्या पाइनहर्स्टच्या प्रसिद्ध दोन नंबरच्या मैदानावरही १९३५ पर्यंत वाळूचेच ग्रीन होते. ऑस्ट्रेलियात कूबर पेडी या वाळवंटी गावात गवताशिवायच मैदान आहे. वाळू दाबून बसवायची आणि खेळून झालं की फळीनं किंवा पोत्यानं ओढून सारखी करायची, एवढीच निगा. वाळू उडू नये म्हणून तेल मिसळण्याची चाल आहे. यंत्रातलं जळकं तेल मात्र वापरू देऊ नका. पावसात ते ओढ्याला आणि विहिरीला जातं.

मक्ता घेताना

मक्ता एकरांत बोलू नका. ग्रीनचा दर गुंठ्यांत वेगळा ठरवा, फेअरवेचा एकरांत वेगळा. एप्रिलमध्ये मैदान बघून बारा महिन्यांचा दर सांगणारा फसतो. तेव्हा गवत वाळलेलं असतं; आषाढ-श्रावणात तेच दुप्पट वेळा कापावं लागतं. पात्यांना धार, वाळूचे ब्रास, पंपाची वीज हे कुणाच्या अंगावर, ते कागदावर लिहून घ्या.

काड्या विकायच्या असतील तर जात कोणती ते ठरवा. साधी हरळी फेअरवेला पुरते. ग्रीनसाठी बारीक पानाच्या संकरित जाती आहेत. त्या अमेरिकेत टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी काढल्या : टिफग्रीन १९५६ साली, टिफड्वार्फ १९६५ साली. बर्टन यांचं नाव तुम्हाला नवं असेल, पण त्यांचं काम तुमच्या शेतात येऊन गेलं आहे. १९६५ साली आलेली आपली पहिली संकरित बाजरी, एचबी-१, तिची मादी त्यांच्याच टिफ्ट २३-ए वाणाची होती.

या संकरित हरळीला बी धरत नाही, काड्याच लावाव्या लागतात. मृगाचा पाऊस लागला की दोन-तीन पेऱ्यांच्या काड्या चार इंचांवर टोचाव्यात, वरून रोळ फिरवावा. अडीच महिन्यांत जमीन झाकते. मातृवाफा साध्या हरळीपासून लांब ठेवा आणि मध्ये उघडा चर राखा. काशा चर ओलांडून आत आल्या की जात भेसळ होते. भेसळ झालेल्या ग्रीनवर ठिपके पडतात, आणि ते दिसायला लागेपर्यंत तुमचा माल विकून सहा महिने झालेले असतात. गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा वाफ्यात खाली बसून बघा, आणि जाड पानाची काडी दिसली की मुळासकट उपटून बाहेर टाका.